पार्श्वभूमी : बाबासाहेब नेमके काय म्हणाले होते?

अशोक विजयादशमी जवळ आली की समाजमाध्यमांवर एक प्रश्न पुन्हा निघतो. धम्मदीक्षेसाठी बाबासाहेबांनी नागपूरच का निवडले? राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे मुख्यालय इथे आहे म्हणून, असे कुणीतरी ठोकून देतो आणि ते कारण थेट बाबासाहेबांच्या तोंडी घालतो.

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतः देऊन ठेवले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात सुरुवातीलाच त्यांनी हा विषय घेतला. संघामुळे नागपूर निवडले हा तर्क त्यांच्या कानावर आला होता. तो खरा नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. बौद्ध धम्माचा प्रसार करणारे नाग लोक, त्यांची ही भूमी, इथून वाहणारी नाग नदी, हे त्यांनी दिलेले कारण. २७ ऑक्टोबरच्या त्यांच्याच ‘प्रबुद्ध भारत’ या नियतकालिकात ते भाषण छापून आले. शब्द हरवलेले नाहीत. तरीही त्यांनी नाकारलेलेच कारण त्यांच्या नावावर खपते, याचा मनापासून त्रास होतो.

विदर्भाला तर हे मुळीच शोभत नाही. दुसऱ्याचे शब्द जपण्याचे मराठीतले सर्वांत जुने मोठे काम इथलेच आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस रिद्धपूरला म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या सहवासात राहिलेल्यांना गाठून त्यांनी एकेक आठवण मिळवली. पुढे ग्रंथाच्या परंपरेत पाठभेद झाले, म्हणजे एकाच मजकुराची वेगवेगळी रूपे निघाली, तेव्हा कुणाची आठवण वेगळी असेल तर तीही त्या व्यक्तीच्या नावानिशी नोंदली गेली. याच पंथातल्या केसोबासांनी स्वामींची वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ केला. मग सुटे झालेले वचन कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले, हे सांगणाऱ्या ‘प्रकरणवश’ या ग्रंथाचीही गरज पडली. मला यातले हे पाऊल सर्वांत मोलाचे वाटते. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या डॉ. वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले.

आज प्रकरण, म्हणजे बोलण्यामागचा प्रसंग, गाळून केवळ सूत्र, म्हणजे सुटे वचन, फिरते. ‘संविधान जाळणारा मी पहिला असेन’ अशा अर्थाचे बाबासाहेबांचे वाक्य घ्या. ते २ सप्टेंबर १९५३ चे, राज्यसभेत आंध्र राज्याच्या विधेयकावरील चर्चेतले. पाठोपाठ ते बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांचे भान ठेवण्याबद्दल बोलले होते. १९ मार्च १९५५ ला त्याच सभागृहात त्यांना या वाक्याबद्दल विचारले गेले. देवासाठी मंदिर बांधले, पण देवाची स्थापना होण्याआधीच असुरांनी त्याचा ताबा घेतला, म्हणून तसे बोललो, असा त्यांचा खुलासा होता. राज्यसभेची कार्यवाही शब्दशः नोंदली जाते, त्यामुळे दोन्ही दिवसांचे बोल कुणालाही वाचता येतात. संविधानाच्या बाजूने लिहा की विरोधात, हे वाक्य वापरायचे तर दोन्ही तारखा सोबत द्या. समोरच्याला ते पडताळून तरी पाहता येईल.