विमानाची बस आणि संगणकाचं घड्याळ

विमानातल्या डेटा बसवर, म्हणजे उपकरणं ज्यावरून एकमेकांना माहिती देतात त्या सामाईक तारांवर, काय चाललंय हे साध्या संगणकावर बघायचं, तर मध्ये एक खास इंटरफेस कार्ड लागतं. किंमत भरपूर, आणि दिसायला जुन्या साउंड कार्डापेक्षा फारसं वेगळं नाही. या कामात नव्याने आलेला प्रत्येक जण विचारतो: संगणक आता एवढे वेगवान झालेत, मग ही मधली वस्तू अजून कशाला? याचं उत्तर वेळ पाळण्यात आहे. विमानाची बस मायक्रोसेकंदांच्या शिस्तीने चालते. आपल्या टेबलावरच्या संगणकाला ती शिस्त कधीच नव्हती आणि वेग वाढला तरी आली नाही. या कार्डांचा चाळीसेक वर्षांचा इतिहास म्हणजे ही उणीव भरून काढण्याचा इतिहास आहे.

आधी बस का आली ते पाहू. १९५० आणि ६० च्या दशकांत विमानातली उपकरणं एकमेकांना थेट तारांनी जोडलेली असत. एखादा कोन, समजा विमानाची दिशा, एका जागेवरून दुसरीकडे कळवायचा तर सिंक्रो वापरत. ४०० हर्ट्झच्या पुरवठ्यावर चालणारी ही छोट्या मोटारीसारखी वस्तू. इकडचा दांडा जितका फिरेल तितकाच तिकडचा फिरायचा. एका कोनासाठी पाच तारा लागत. हीच दिशा रडारला हवी, ऑटोपायलटला हवी, दोन्ही वैमानिकांच्या डायलवर हवी, की तारांच्या जुड्या वाढत जायच्या. वजन वाढे, जोड वाढत, आणि जोड वाढले की बिघाड वाढत. नवं उपकरण बसवायचं म्हणजे अख्खा हार्नेस, म्हणजे तारांचा बांधलेला जुडगा, उकलायचा.

लढाऊ विमानांत ही अडचण सर्वांत आधी असह्य झाली. अमेरिकेत एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ए२के समितीने १९६८ पासून एका सामाईक बसवर काम सुरू केलं. १९७३ मध्ये हवाई दलाचं मानक म्हणून मिल-स्टँडर्ड-१५५३ प्रसिद्ध झालं, १९७५ मध्ये त्याची ‘ए’ आवृत्ती आली आणि १९७८ मध्ये ‘बी’. आज कोणी नुसतं ‘पंधरा-त्रेपन्न’ म्हणालं की ही ‘बी’ आवृत्तीच अभिप्रेत असते. एफ-१६ हे ही बस घेऊन उडालेल्या अगदी सुरुवातीच्या विमानांपैकी.

या मानकाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पीळ दिलेल्या आणि शील्ड असलेल्या दोन तारा, सेकंदाला दहा लाख बिट. संभाषण चालवणारा एक बस कंट्रोलर आणि जास्तीत जास्त ३१ रिमोट टर्मिनल, म्हणजे बसला जोडलेली उपकरणं. कंट्रोलरने विचारल्याशिवाय कोणी बोलायचं नाही. प्रत्येक शब्द २० मायक्रोसेकंदांचा: पहिली तीन मायक्रोसेकंद सिंकची, म्हणजे शब्द सुरू झाल्याची खूण, मग १६ बिट माहिती, शेवटी चूक पकडण्यासाठी एक पॅरिटी बिट. एका संदेशात जास्तीत जास्त ३२ माहितीशब्द. शेजारी तशीच दुसरी बस राखीव असते, म्हणजे एक तुटली तरी काम थांबत नाही. बिट पाठवताना मँचेस्टर पद्धत वापरतात. तिच्यात प्रत्येक बिटाच्या मध्यावर व्होल्टेज उलटतं, त्यामुळे सिग्नलमध्ये डीसीचा अंश उरत नाही आणि तो ट्रान्सफॉर्मरमधून पार जाऊ शकतो. ट्रान्सफॉर्मर आणि सोबतचे रेझिस्टर मध्ये असले की एका टर्मिनलच्या आत शॉर्ट झाला तरी अख्खी बस बसत नाही. मला हा या मानकातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

आणि मग ती अट: कंट्रोलरने हाक दिली की टर्मिनलने ४ ते १२ मायक्रोसेकंदांत ओ दिलीच पाहिजे. थोडा उशीर झाला तर कंट्रोलर उत्तर आलं नाही असं धरतो आणि पुढे जातो.

नागरी विमान वाहतुकीने वेगळी वाट धरली. १९२९ मध्ये विमान कंपन्यांच्या रेडिओ संपर्कासाठी स्थापन झालेल्या एरिंक या संस्थेने १९७७ मध्ये एरिंक ४२९ हे मानक प्रसिद्ध केलं. यात कंट्रोलर नाही, हाक नाही, ओ नाही. तारांच्या एका जोडीवर एकच पाठवणारा आणि जास्तीत जास्त २० ऐकणारे. पाठवणाऱ्याने आपलं ठरावीक अंतराने सांगत राहायचं, ज्याला हवं त्याने घ्यायचं. वेग दोनच: सेकंदाला साडेबारा हजार बिट किंवा एक लाख बिट. बोइंग ७५७, ७६७, एअरबस ए३१०, ए३२० अशी एका पिढीची विमानं याच तारांवर उभी राहिली. १५५३ समोर ठेवलं तर हे मानक फारच साधं वाटतं, पण विमान कंपन्यांना प्रमाणित करायला आणि दुरुस्त करायला सोपं असं काही हवं होतं, आणि ते त्यांना मिळालं.

आता संगणकाकडे येऊ. सुरुवातीला या बसची चाचणी मोठ्या, खास बनवलेल्या बस अ‍ॅनालायझरवर आणि मिनी कॉम्प्युटरवर होत असे. १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला. स्वस्त, टेबलावर मावणारा, आत रिकामे स्लॉट. यालाच बस जोडली तर, हा विचार साहजिकच होता. गणित मात्र बसत नव्हतं. त्या पीसीतला ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चाले. १२ मायक्रोसेकंदांत त्याच्या घड्याळाचे सुमारे ५७ ठोके पडतात. बाहेरून इंटरप्ट, म्हणजे ‘आधी इकडे बघ’ असा इशारा, आला तर हातातलं काम बाजूला ठेवून इंटरप्टच्या कोडपर्यंत पोचायलाच त्याला साठाहून अधिक ठोके लागत. उत्तर तयार करणं दूरच, उंबरठ्यावर पोचेपर्यंतच मुदत संपलेली. डॉस या त्या पीसीच्या कार्यप्रणालीचं घड्याळ तर ५५ मिलिसेकंदांनी एकदा पुढे सरके. तेवढ्या काळात भरलेल्या १५५३ बसवरून अडीच हजारांहून अधिक शब्द निघून जातात.

म्हणून कार्डाला स्वतःचं डोकं द्यावं लागलं. हॅरिस कंपनीची एचडी-१५५३० सारखी चिप मँचेस्टर बिट तयार करायची आणि ओळखायची. तिच्याभोवती कंट्रोलरचं किंवा टर्मिनलचं लॉजिक बसवायचं. संगणक आणि कार्ड यांच्यामध्ये ड्युअल-पोर्ट रॅम: एका बाजूने संगणक लिहितो, दुसऱ्या बाजूने बसकडचं लॉजिक वाचतं, कोणी कोणासाठी थांबत नाही. कोणता संदेश कधी पाठवायचा याची यादी संगणक सवडीने त्या रॅममध्ये मांडून ठेवतो आणि ‘चालू कर’ म्हणतो. तिथून पुढे वेळ कार्ड सांभाळतं. टर्मिनल म्हणून काम करताना उत्तरही रॅममध्ये आधीच तयार असतं, हाक आली की कार्ड ते परस्पर पाठवून देतं. नव्वदच्या दशकात डेटा डिव्हाइस कॉर्पोरेशनच्या ‘एस’ (ACE) मालिकेने, म्हणजे बीयू-६१५८० आणि तिच्या भावंडांनी, हे सगळं रॅमसकट एका पॅकेजमध्ये आणलं. कार्ड बनवणं त्यानंतर कितीतरी सोपं झालं, आणि विमानातली खरी उपकरणं आणि प्रयोगशाळेतली कार्डं एकाच जातीच्या चिपवर चालू लागली.

मॉनिटर म्हणून नुसतं ऐकतानाही वेळेचा प्रश्न सुटत नाही. शब्द केव्हा आला हे संगणकाने वाचताना ठरवलं तर तो आकडा निरुपयोगी, कारण वाचन मागे-पुढे होतं. म्हणून शब्द येताक्षणी कार्डच त्याच्यावर स्वतःच्या घड्याळाचा शिक्का मारतं. उड्डाण-चाचणीत हे घड्याळ आयरिग-बी या वेळेच्या सिग्नलला बांधतात, म्हणजे चार कार्डांच्या चार नोंदी नंतर एका रेषेत लावता येतात.

चाचणीच्या कार्डांचं आणखी एक काम आहे आणि त्याचं महत्त्व बाहेर फारसं ठाऊक नाही: मुद्दाम चुकीचं बोलणं. पॅरिटी उलटी पाठवायची, सिंक बिघडवायची, ३२ शब्द सांगून ३१ च द्यायचे, आणि टर्मिनल या गोंधळात कसं वागतं ते बघायचं. अमेरिकी हवाई दलाच्या राइट-पॅटरसन तळावरच्या सीफॅक प्रयोगशाळेत टर्मिनलांची अशी पडताळणी होत असे. नेहमीचं कार्ड नियम मोडूच शकत नाही, ते तसंच घडवलेलं असतं. नियम मोजूनमापून मोडणारं कार्ड बनवणं जास्त कठीण, म्हणून जास्त महाग. माझ्या मते किंमत खरी इथेच सार्थ होते, कारण टर्मिनलातला दोष पहिल्यांदा हवेत दिसण्यापेक्षा बाकावर दिसलेला कधीही बरा.

इकडे संगणक बदलत होता. पीसीतल्या मूळच्या आयएसए स्लॉटांच्या जोडीला १९९० च्या सुमारास लॅपटॉपात सरकवायचं पीसीएमसीआयए कार्ड आलं आणि अभियंता पहिल्यांदाच लॅपटॉप घेऊन विमानाशेजारी उभा राहू शकला. मग पीसीआय, मग पीसीआय एक्सप्रेस. विंडोजने डॉसची जागा घेतली आणि वेळेच्या बाबतीत गोष्टी सुधारण्याऐवजी काहीशा बिघडल्याच: डॉसमध्ये निदान आपला प्रोग्रॅम एकटा असायचा, विंडोजमध्ये तो दहा जणांबरोबर रांगेत उभा. १९९६ चं यूएसबी तर मुळातच ठरावीक हप्त्यांनी बोलतं. पहिल्या आवृत्तीत हप्ता एक मिलिसेकंदाचा, २००० च्या दुसऱ्या आवृत्तीत १२५ मायक्रोसेकंदांचा. १२ मायक्रोसेकंदांची ओ या मार्गाने संगणकाकडून येणं शक्यच नाही. तरीही १५५३ ची यूएसबी उपकरणं उत्तम चालतात, कारण तोवर सगळी अक्कल कार्डात गेलेली होती. संगणकाकडे उरलं ते यादी मांडणं आणि पडद्यावर दाखवणं.

एरिंक ४२९ ला हा जाच कमी. एक लाख बिटांच्या वेगाला ३२ बिटांचा शब्द आणि चार बिटांची विश्रांती मिळून ३६० मायक्रोसेकंद होतात, आणि उत्तर द्यायचंच नसतं. इथे माणसं अडकतात ती वेगळ्याच जागी. प्रत्येक शब्दाचे पहिले आठ बिट म्हणजे लेबल, आणि ते अष्टमान पद्धतीने, म्हणजे फक्त ० ते ७ हे आकडे वापरून, लिहितात. बॅरोमेट्रिक उंचीचं लेबल २०३, म्हणजे द्विमानात १०००००११. लेबलचे बिट तारेवर बाकीच्या शब्दाच्या उलट्या क्रमाने जातात. काही चिपा ते सरळ करून देतात, काही देत नाहीत. सरळ केलं नाही तर ११०००००१ मिळतं, आणि पडद्यावर २०३ च्या जागी ३०१ दिसतं. तारा बरोबर, व्होल्टेज बरोबर, शब्द येतायत, आणि उंची कुठेच सापडत नाही.

लेबल जमलं तरी शब्दाच्या वरच्या टोकाचे दोन स्थितिबिट पाहायचे राहतात. उंचीसारख्या द्विमान आकड्यात दोन्ही एक असतील तरच आकडा वापरायचा. दोन्ही शून्य म्हणजे पाठवणाराच बिघाड कळवतोय. संगणकावर बनवलेल्या कितीतरी पहिल्यावहिल्या सिम्युलेशनमध्ये हे दोन बिट शून्यच राहून जातात, आणि समोरचा डिस्प्ले आकडा न दाखवता झेंडा, म्हणजे बिघाडाची खूण, दाखवतो. डिस्प्ले अगदी बरोबर वागत असतो. पाठवायच्या बाजूला वेळेचा प्रश्न इथेही आहेच. प्रत्येक लेबल किती वेळाने पुन्हा यायला हवं हे ठरलेलं असतं, आणि विंडोजने मध्येच श्वास घेतला तर डिस्प्ले माहिती शिळी झाली असं धरतो. म्हणून पुनरावृत्तीची यादीही कार्डातच राहते.

बोइंग ७७७ साठी एरिंक ६२९ आली, सेकंदाला वीस लाख बिट, कंट्रोलर नसलेली. विमान १९९५ मध्ये सेवेत आलं, पण ही बस जवळपास त्याच कुटुंबापुरती राहिली, त्यामुळे तिची कार्डंही मोजक्याच प्रयोगशाळांत दिसली.

एअरबस ए३८० ने मात्र वाट बदलली. २००५ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या या विमानात इथरनेटवर आधारलेलं एएफडीएक्स जाळं होतं. एरिंक ६६४ च्या सातव्या भागात त्याचं मानक आहे आणि बोइंग ७८७ नेही तीच दिशा घेतली. १०० मेगाबिटचं इथरनेट म्हटल्यावर पुष्कळांना वाटलं की आता खास कार्डाची गरज संपली. नुसतं डोकावून बघण्यापुरतं ते खरंही आहे. पण इथे माहिती व्हर्च्युअल लिंकांमधून, म्हणजे एका पाठवणाऱ्यापासून आधीच आखलेल्या मार्गांनी जाते आणि प्रत्येक लिंकच्या दोन फ्रेममधलं (माहितीच्या गठ्ठ्यांमधलं) किमान अंतर १ ते १२८ मिलिसेकंदांच्या दरम्यान बांधलेलं असतं. पाठवणाऱ्याला त्यात ५०० मायक्रोसेकंदांहून जास्त डळमळ करता येत नाही. शिवाय तीच फ्रेम दोन स्वतंत्र जाळ्यांवरून जाते, घेणाऱ्याने क्रमांक पाहून आधी आलेली ठेवायची आणि दुसरी टाकून द्यायची. दोन्ही जाळ्यांवर ती नेमकी किती अंतराने आली हे मोजायचं तर शिक्का पुन्हा हार्डवेअरनेच मारावा लागतो. दुकानात मिळणारं नेटवर्क कार्ड तिथे कमी पडतं.

आज बहुतेक कार्डांच्या पोटात एफपीजीए, म्हणजे आतलं लॉजिक नंतर हवं तसं मांडता येणारी चिप, असतो. विमान तीस-चाळीस वर्षं उडतं, संगणकाचा स्लॉट दहा-पंधरा वर्षांत नाहीसा होतो आणि चिपांचं उत्पादन बंद पडतं, या तिढ्यातून निघालेला हा मार्ग आहे. जुन्या चिपची रजिस्टरं एफपीजीएत जशीच्या तशी उभी करतात, म्हणजे कित्येक वर्षांपूर्वी मंजूर झालेलं चाचणीचं सॉफ्टवेअर न बदलता चालतं. अलीकडे एका बाजूला १५५३ किंवा ४२९ आणि दुसऱ्या बाजूला इथरनेट असलेले छोटे डबेही रुळलेत. १५५३ मध्ये ट्रान्सफॉर्मरमधून जोडलेली फांदी २० फुटांपेक्षा लांब नसावी असं मानक सांगतं, त्यामुळे पूर्वी संगणक बसला चिकटूनच ठेवावा लागे. आता डबा बसजवळ ठेवतात आणि नोंदी घेणारा संगणक दुसऱ्या खोलीत असतो.