लाल टोपणाची सिरिंज, शंभरची बाटली

इन्सुलिनच्या सिरिंजचं टोपण लाल असतं किंवा केशरी. हा रंग शोभेसाठी नाही. लाल टोपणाच्या सिरिंजवरच्या रेघा १ मिलीत ४० युनिट इन्सुलिन आहे असं धरून आखलेल्या असतात, केशरीवरच्या १ मिलीत १०० युनिट धरून. आपल्याकडे दोन्ही तीव्रतेचं इन्सुलिन मिळतं. बाटल्या बहुतेक ४०च्या, इन्सुलिन टोचायच्या पेनात बसणारी कार्ट्रिज १००ची, आणि काही नव्या इन्सुलिनच्या बाटल्याही १००च्या.

डॉक्टरांनी २० युनिट सांगितले आहेत असं समजा. लाल सिरिंजमध्ये २०ची रेघ म्हणजे अर्धा मिली. त्याच रेघेपर्यंत १००च्या बाटलीतलं औषध ओढलं, तर अंगात ५० युनिट जातात, सरळ अडीचपट. रक्तातली साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. डोस रात्रीचा असेल तर झोपेतच बेशुद्ध पडतो आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. उलटी चूक झाली, म्हणजे ४०ची बाटली आणि केशरी सिरिंज, तर २०च्या जागी ८ युनिटच मिळतात. ही चूक मला जास्त धोक्याची वाटते, कारण ती गुपचूप चालते. साखर उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत नेतात, आणि एके दिवशी केमिस्ट योग्य सिरिंज देतो. मग वाढवलेला सगळा डोस पूर्ण ताकदीनं लागू होतो.

पेन बिघडला, सुया संपल्या, म्हणून कार्ट्रिजमध्येच सिरिंज खुपसून औषध ओढणारेही असतात. त्यांना बेफिकीर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण दोन मापं एकाच दुकानात एकाच कामासाठी विकली गेली, तर ती कधीतरी एकमेकांत मिसळणारच. ब्रिटननं १९८३ मध्ये १००ची एकच तीव्रता ठेवली आणि या घोळाचं मूळच काढलं. आपण मात्र टोपणाच्या रंगावर भिस्त ठेवून आहोत.

हॉस्पिटलात हाच विचार पोटॅशियम क्लोराईडच्या बाबतीत झाला. हे तीव्र द्रावण पाण्यासारखं दिसतं. सलाईनमध्ये नीट मिसळून हळूहळू दिलं तर उपयोगी, पण न मिसळता शिरेत सोडलं तर हृदय बंद पडतं. नर्सनं गडबडीत साध्या पाण्याऐवजी तोच अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनची छोटी कुपी, उचलला, अशा घटना जगभर घडल्या आहेत. ‘लेबल नीट वाचा’ अशा पाट्या लावून हे थांबलं नाही. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा संस्थेनं २००२ मध्ये काढलेला पहिलाच इशारा याबद्दल होता. त्यातला उपाय साधा: हे अँप्यूल सर्वसाधारण वॉर्डात ठेवूच नका. हाताशी नसलेली वस्तू चुकून उचलली जात नाही.

पण चुका किती होतात हे कळणार कसं? बहुतेक हॉस्पिटलं चूक करणाऱ्यानंच भरायच्या फॉर्मवर विसंबून असतात. अमेरिकेत ३६ संस्थांमध्ये यावर एक अभ्यास झाला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे २,५५६ डोस तपासले गेले आणि फार्मासिस्टनं खात्री केलेल्या ४५७ चुका निघाल्या. नर्सबरोबर उभं राहून प्रत्यक्ष पाहणाऱ्या निरीक्षकांना त्यातल्या ३०० सापडल्या. केसपेपर चाळणाऱ्यांना १७. आणि फॉर्ममधून किती? एक. फॉर्म न भरण्याचं कारण भीती हे आहेच. पण आपल्या हातून चूक झाली हे कित्येकदा त्या माणसाच्या लक्षातच आलेलं नसतं. म्हणून काही ठिकाणी उलट्या बाजूनं माग काढतात. साखर अचानक उतरल्यावर द्यायचं २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, वॉर्डात कुणाला लागलं, ते पाहायचं आणि त्या पेशंटचा इन्सुलिनचा हिशेब तपासायचा. उतारा म्हणून व्हिटॅमिन केचं इंजेक्शन लागलं, तर रक्त पातळ करणारी गोळी जास्त गेली का, ते पाहायचं.

घरात असा माग काढणारं कुणी नसतं, आणि तिथली एक चूक आपल्या चिठ्ठीच्या पद्धतीतूनच येते. १-०-१ लिहिलं की सकाळ-रात्र, हे सगळ्यांना पाठ आहे. या तीन घरांमध्ये आठवड्याला जागाच नाही. संधिवाताच्या काही प्रकारांत मेथोट्रेक्सेट दिलं जातं, ते आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतलं गेलं तर अस्थिमज्जेत नव्या रक्तपेशी तयार होणं मंदावतं आणि जीवावर बेतू शकतं. सोबत दिलेली फॉलिक अॅसिडची गोळीही अनेकदा तशीच छोटी, पिवळी, त्यामुळे अदलाबदल सहज होते. पहिली खूण बऱ्याचदा तोंड येण्याची. तोंड आलं की आपण काय करतो? बी-कॉम्प्लेक्स घेतो आणि मेथोट्रेक्सेट चालूच ठेवतो. अशा वेळी गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायला हवं. चिठ्ठीवर ‘दर रविवारी’ असा वार लिहून घ्यायला काहीच हरकत नाही.

लहान मुलांच्या तापाच्या औषधातही मापाचाच खेळ आहे. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये साधारणपणे १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, तर सिरपच्या ५ मिलीत १२५ किंवा २५०. सिरपच्या सवयीनं ड्रॉप्स ५ मिली पाजले तर ५०० मिलिग्रॅम गेले, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी. ८ किलोच्या बाळाला एका वेळी फार तर १२० मिलिग्रॅम चालतात.

औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे २०१०पासून आहे. त्याचं केंद्र गाझियाबादला आहे आणि टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. तिथे फोन करायला डॉक्टर असावं लागत नाही. फक्त बाटली किंवा स्ट्रिप टाकून देऊ नये. नाव, तीव्रता आणि बॅच नंबर तिच्यावरच असतो.