मोठा कार्बोरेटर म्हणजे जास्त ताकद?

टू-स्ट्रोक स्कूटरवाल्यांत वर्षानुवर्षे फिरणारा सल्ला: ‘इंजिन ट्यून केलंय ना, मग बसेल तेवढा मोठा कार्बोरेटर लाव, ताकद आपोआप वाढेल.’ समज स्वाभाविक आहे, कारण जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, हे खरंच आहे. पण हवा खेचतं इंजिन. कार्बोरेटर, म्हणजे त्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, फक्त वाट देतो.

व्हेस्पा पीएक्स १५० ला २० मिमीचा कार्बोरेटर येई, पीएक्स २०० ला २४ मिमीचा. वाटेच्या व्यासात फरक चारच मिलिमीटरचा, पण वाटेचं क्षेत्रफळ सुमारे ४४ टक्क्यांनी वाढतं. इंजिन खेचतंय तेवढीच हवा आता रुंद वाटेतून जाते, म्हणून तिचा वेग साधारण ३० टक्क्यांनी घटतो. जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रातून, पेट्रोल वर ओढलं जातं ते याच वेगामुळे! वेग कमी पडला की पेट्रोल नीट फवारलं जात नाही आणि कमी आरपीएमला गाडी गुदमरते. शहरातल्या गाडीला हेच सर्वांत महागात पडतं.

पडताळणी सोपी आहे. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पाऊण उघडा, मग पूर्ण. शेवटच्या पाव भागात काहीच फरक पडत नसेल, तर अडचण बहुधा कार्बोरेटरच्या आकारात नाही. आधी पोर्ट (सिलिंडरमधली हवा आत-बाहेर जाण्याची तोंडं) आणि सायलेन्सर पाहा.

मोठा लावायचाच असेल, तर जेट नव्याने जुळवा. पेट्रोल कमी पडलं की पिस्टन तापून जाम होतो, शिवाय ऑइलही पेट्रोलमधूनच जात असेल तर तेही घटतं.