‘भरलेला’ सिलिंडर म्हणजे नेमका किती भरलेला?

अमेरिकेतली दारूबंदी 1933 मध्ये उठली तेव्हा घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती सुटली ऑक्टोबर 1978 मध्ये, आणि अंमल 1 फेब्रुवारी 1979 पासून. एकट्या प्रौढाला वर्षाला 100 गॅलन, दोघे असतील त्या घराला 200. राज्यं सावकाश मागून आली, शेवटची दोन तर 2013 मध्ये. कायद्याला काळजी कराची आणि गॅलनांची होती. घरच्या बिअरला फेस आणणारा कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर घरात आला तो शीतपेयांच्या मागच्या दाराने.

शीतपेय कंपन्या दुकानांना पाक पाठवायच्या तो पाच गॅलनच्या स्टेनलेस स्टीलच्या केगमधून, म्हणजे बंद पिंपातून. पुढे खोक्यातली प्लास्टिकची पिशवी आली, केग भंगाराच्या भावात निघाले आणि हौशी मंडळींनी ते उचलले. या केगवर 130 पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) असा शिक्का असतो. शेजारच्या सिलिंडरमध्ये खोलीच्या तापमानाला साधारण 850, आणि बिअरला लागतात जेमतेम 10 ते 12. हा सगळा उतार एका रेग्युलेटरच्या, म्हणजे दाब कमी करणाऱ्या झडपेच्या, भरवशावर. सामान घरी आलं, सोडावाल्याच्या सवयी मात्र त्याच्यासोबत आल्या नाहीत.

सगळा घोळ ‘भरलेला’ या शब्दाचा आहे. आपल्याकडे घरगुती सिलिंडर 14.2 किलोचा असतो. त्यात दाब किती, हे कोणी विचारत नाही, शंका आली तर काटा मागतात. इथेही तेच, कारण आत द्रव असतो. द्रव शिल्लक आहे आणि तापमान तेच आहे, तोवर दाबाची सुई जागची हलत नाही. सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवला की ती खाली येते आणि नवखा माणूस गळती शोधत बसतो. द्रव संपून सुई खरोखर पडू लागते तेव्हा फार काही उरलेलं नसतं.

म्हणून माप वजनाचं. सिलिंडरात जेवढं पाणी मावेल त्याच्या वजनाच्या 68 टक्के गॅस भरायचा. पाच पौंडी, म्हणजे पाच पौंड गॅसच्या, सिलिंडरात सव्वासात-साडेसात पौंड पाणी मावतं. उरलेली जागा कंजुषी म्हणून सोडलेली नाही, द्रवाला फुगायला सोडलेली आहे. 31 अंश सेल्सिअसच्या वर तर आत द्रव आणि वायू असा भेदच राहत नाही, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत हा आकडा कधीच मागे पडतो. मापात भरलेला सिलिंडर ते सोसतो. जास्त भरलेल्यात दाब सरळ वर चढतो आणि सुरक्षेची चकती फुटते. चकती फुटली तर नशीब म्हणायचं, नाहीतर सिलिंडरच फुटायचा.

वाद आहे तो घरी भरण्याचा. आत तळाच्या द्रवापर्यंत जाणारी बुडती नळी असलेला मोठा सिलिंडर आणायचा, लहान सिलिंडर फ्रीझरमध्ये गार करायचा आणि मधल्या नळीने द्रव उतरवून घ्यायचा. गॅसच्या बंदुकीने रंगाच्या गोळ्या झाडायचा पेंटबॉल खेळणाऱ्यांनी ही रीत आधीच रुळवली होती. तिथे सिलिंडर काढताना झडपच सुटून माणसं मेल्याच्या घटनाही आहेत. समर्थक म्हणतात, काटा ठेवा, काही होत नाही. म्हणणं खोटं नाही. पण गार सिलिंडरात द्रव दाट असतो, पाच पौंडीत सात पौंडही निमूट जातो, आणि त्या वेळी सुई काहीही ओरडून सांगत नाही. सरकारी नियम मुख्यतः वाहतूक आणि व्यापार समोर ठेवून लिहिलेले, त्यामुळे गॅरेजमधल्या या उद्योगाबद्दल दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अर्थ काढतात. वाचणाऱ्या पैशांच्या मानाने ही हौस महाग वाटते.

दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी आणि खांद्यावर तारखेचा ठसा, हे जुनं बंधन. हा वायू द्रवरूपात करण्याचं बिडाचं यंत्र 1840 मध्ये पॅरिसमध्ये फुटून हाताळणारा तरुण दगावला होता, तेव्हा धास्ती आजची नाही. मुदतीच्या आत भरलेला सिलिंडर नंतरही संपेपर्यंत वापरता येतो, पुन्हा भरता येत नाही. यावर तोडगा अदलाबदलीचा: रिकामा द्या, भरलेला घ्या. आपला चकचकीत ॲल्युमिनियमचा जातो आणि पोचे आलेला पोलादी येतो, ही कुरकुर कायमची. पण चाचणीची कटकट मिटते.

2020 मध्ये अमेरिकेत टाळेबंदीत पेट्रोलचा खप पडला, त्यासोबत इथेनॉलचे कारखाने मंदावले. हा वायू बराचसा त्यांचंच उपउत्पादन, त्यामुळे पुरवठा आटला आणि घरी भरण्याच्या जुन्या युक्त्या पुन्हा चर्चेत आल्या.

तळघरातल्या गळतीबद्दल मात्र आजही फारसं बोललं जात नाही. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. पाच पौंड म्हणजे सुमारे सव्वा घनमीटर. दहा बाय दहाच्या बंद खोलीत तो सगळा सुटला तर हवेतलं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास जातं, आणि जिवाला तत्काळ धोका मानतात तो चार टक्क्यांना. स्वस्त पडतो म्हणून पुष्कळ जण घेतात तो सिलिंडर 20 पौंडांचा असतो.