कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार आणि मुलाचा ताबा : अर्ज, कागदपत्रे व बचाव

कौटुंबिक हिंसाचाराचा आरोप झाला एवढ्यावरून मुलाचा ताबा आपोआप एका पालकाकडे जात नाही. मात्र न्यायालय तो आरोप बाजूला ठेवूनही निर्णय देत नाही. ताब्याचा कायमस्वरूपी निर्णय कौटुंबिक न्यायालय, ते नसेल तेथे जिल्हा न्यायालय, मुलाचे हित सर्वोच्च मानून देते, आणि पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ नुसार ताबा मागणाऱ्याचे चारित्र्यही पाहिले जाते.

तातडीचा मार्ग २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आहे. पीडित महिला, संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली पीडितेच्या मदतीसाठी नेमलेला शासकीय अधिकारी) किंवा तिच्या वतीने अन्य कोणीही कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते, आणि ती सध्या माहेरी राहत असेल तर तेथील न्यायालयातही तो चालतो. कलम २१ नुसार मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. प्रतिवादीची भेट मुलाला अपायकारक ठरेल असे वाटल्यास न्यायदंडाधिकारी ती नाकारतात. याच कलमाखाली वडिलांना मात्र स्वतःसाठी ताबा मागता येत नाही, त्यांना कौटुंबिक न्यायालयातच जावे लागते, आणि ही गोष्ट अनेकांना उशिरा कळते.

अर्जासोबत विवाहाचा किंवा नात्याचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, वास्तव्याचा पुरावा, वैद्यकीय कागद, पोलिसांकडील तक्रारीची प्रत आणि उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र जोडावे. अंतरिम आदेशासाठी वेगळे शपथपत्र लागते. महिलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

प्रतिवादीने नोटीस मिळताच हजर राहून लेखी म्हणणे द्यावे, कारण गैरहजेरीत एकतर्फी आदेश होऊ शकतो. शाळेची फी, दवाखान्याची कागदपत्रे, प्रत्यक्ष संगोपनाचा तपशील यांतून पालक म्हणून आपली भूमिका दाखवणे हे तक्रारदाराच्या बदनामीपेक्षा अधिक उपयोगी ठरते. भेटीच्या अटींसाठी, हवे तर देखरेखीखालील भेटीसाठी, अर्ज करता येतो; परिस्थिती बदलल्यास २००५ च्याच कायद्याच्या कलम २५ खाली आदेशात फेरफार मागता येतो आणि आदेशाची प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. संरक्षण आदेश, म्हणजे हिंसाचार करण्यास मनाई करणारा आदेश, अन्यायकारक वाटला तरी अपिलात स्थगिती मिळेपर्यंत तो पाळावाच, कारण त्याच्या भंगाला एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलू शकतात. त्याला काय बोलायचे ते कोणत्याही पालकाने पढवू नये. असे पढवणे मुलाला इजा करते आणि लक्षात आल्यास पढवणाऱ्याच्याच विरोधात जाते.