तळ्याचा तळ वाळला म्हणजे जमीन पक्की झाली?

मराठवाड्यात तलाव आटले की हा समज फिरतो: भेगाळलेल्या गाळावरून ट्रॅक्टर गेला, म्हणजे तिथं बांधायला हरकत नाही.

ट्रॅक्टर पेलते ती वरची वाळलेली खपली. खाली गाळ ओला, मऊ असू शकतो. घराचा भार तिथवर पोचतो आणि जमीन वर्षानुवर्षे खचत राहते.

खात्री शंकू चाचणीने होते. 60 अंशी टोकाचा पोलादी शंकू सेकंदाला 2 सेंटिमीटर वेगाने खाली दाबतात. टोकाला होणारा विरोध, बाजूचं घर्षण, मातीतल्या पाण्याचा दाब सलग नोंदतात. खपलीत विरोध जास्त, मग एकदम घसरतो. विरोध कमी, त्या मानाने घर्षण जास्त आणि दाब चढलेला, तर सहसा चिकणमाती. घट्ट मुरूम लागला की शंकू थांबतो. नमुना मात्र वर येत नाही. शेजारी बोअर घेऊन माती तपासावीच.