हर्नियाची जाळी

हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये पोटाच्या भिंतीतल्या कमजोर जागी आधाराला बसवतात ती जाळी, म्हणजे मेश. हर्नियाला मराठीत अंतर्गळ असा शब्द आहे, पण परळच्या ओपीडीत तो कोणाच्या तोंडी नाही, तिथे "जाळी टाकली का" एवढंच विचारतात.

पहिली जाळी कोणाची यावर एकमत नाही. चांदीच्या तारांची विणलेली जाळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच होती, मग टँटलम धातूची आली, १९४०च्या दशकात फ्रान्समध्ये नायलॉन वापरलं गेलं म्हणून काहीजण श्रेय तिकडे देतात. पण धातूच्या तारा तुटायच्या, नायलॉन शरीरात हळूहळू विरायचं, त्यामुळे आजच्या जाळीची सुरुवात अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा सर्जन फ्रान्सिस अशर याच्यापासून धरणं जास्त पटतं. त्याने १९५८च्या आसपास पॉलिएथिलीन हे प्लॅस्टिक वापरलं आणि काही वर्षांत पॉलिप्रोपिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिकवर आला, तेच अजून सगळ्यात जास्त चालतं.

निवडताना लोक मजबुती विचारतात, पण बहुतेक जाळ्या गरजेपेक्षा मजबूतच असतात, खरी गोम छिद्रांत आहे. जंतू साधारण १ मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग), त्याला गिळणारी पांढरी पेशी १० च्या वर, म्हणजे छिद्र पेशीहून बारीक असलं की जंतू आत लपतो आणि पेशी बाहेरच राहते. म्हणून अमिद या सर्जनने १९९७ मध्ये केलेल्या जाळ्यांच्या वर्गीकरणात ७५ मायक्रॉनच्या वरची छिद्रं पहिल्या गटात. हलकी जाळी कमी टोचते म्हणतात, दुर्बिणीच्या ऑपरेशनात मात्र तिचा तसा ठोस फायदा दिसत नाही. आतड्याला लागणार असेल तर साधी पॉलिप्रोपिलीन नको, चिकटते, तिथे एका बाजूला न चिकटणारा थर दिलेली घेतात. डुकराच्या कातडीपासून बनवलेल्या जाळ्याही असतात, पेशंटला आधी विचारलेलं बरं.

स्वस्त पर्यायाचं श्रेय आपल्याकडचं. दोंडाईच्याच्या डॉ. टोणगांवकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं, २००३ मध्ये लेख आला. २०१६ च्या युगांडातल्या चाचणीत सुमारे ३०० पुरुषांमध्ये वर्षभरानंतर मच्छरदाणीची जाळी आणि कंपनीची महाग जाळी यांत फारसा फरक दिसला नाही. अर्थात दादरच्या फुटपाथवरची मच्छरदाणी नव्हे, कापड ठरावीक प्लॅस्टिकचं लागतं आणि निर्जंतुक करताना तापमान जपावं लागतं.

जाळीशिवायची पुण्याच्या डॉ. देसरडांची पद्धतही आहे, २००१ ची.

मुंबईत नातेवाइकाच्या हातात जाळी आणायची चिठ्ठी येते, त्यावर बहुधा "१५ बाय ७.५, पॉलिप्रोपिलीन" (माप सेंटीमीटरमध्ये). पाकिटावरचा लॉट नंबरचा स्टिकर केसपेपरला चिकटवतात, त्याचा फोटो काढून ठेवावा.